काळविटाच्या उडीचा दगड

मुलांनो, माळाच्या कडेने पसरलेल्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. काळजी करायला तिला कारण लागत नसे. त्यात पदरी एक धीट पाडस. ते आता चांगले थोराड झाले होते, हे मात्र तिच्या लक्षात आले नव्हते. त्या जंगलात एका म्हाताऱ्या काळविटाच्या तरुणपणच्या उडीची मोठी ख्याती होती. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो जिथे उतरला, तिथे खुणेचा दगड ठेवला होता. दर उन्हाळ्यात तरुण हरणे उडी मारून पाहत. दगड कोणीच ओलांडला नाही, की काळविटाच्या मानाखातर सगळे मिळून तो नाकाने थोडा पुढे ढकलत. "थोरामोठ्यांसाठी एवढंही करू नये का?" असे एक वानर झाडावरून बजावत असे. सरकत सरकत दगड वाळू सोडून खडकात गेला. गेल्या उन्हाळ्यात तिथेच एका तरण्या हरणाचा पाय मोडला.

यंदा पाडस म्हणाले, "आई, मी उडी मारणार."

"मार हो. आधी शिंगं तरी नीट वाढू देत."

"उडी काय शिंगांनी मारतात?"

 इतर आयांना यावर उत्तर नक्की सुचले असते, असे हरिणीला वाटून गेले. तिने गुपचूप काळविटाला गाठले. "आजोबा, हे जमायचं नाही असं तुम्हीच त्याला सांगा. माझं कुठलं ऐकतंय ते."

अधू डोळ्यांमुळे काळवीट कित्येक वर्षांत ओढ्याकडे फिरकला नव्हता. हरिणीच्या आधाराने तो दगडापाशी आला आणि थबकला. "पायाखाली खडक कसा? मी तर वाळूत उतरलो होतो, त्या करंजाच्या मुळाशी."

"तुमच्या मानासाठी सरकवला, आजोबा," वानर म्हणाले.

"आणि गेल्या उन्हाळ्यात पोराचा पाय मोडला तो कुणाच्या मानासाठी रे?" काळविटाने चाचपत करंजाचे मूळ शोधले आणि डोक्याने रेटत दगड तिथे आणून ठेवला. मग हरिणीला म्हणाला, "आता येऊ दे त्याला. वाळूत पडलं तर फार तर अंग मळेल."

पाडस धावत आले. हरिणीने डोळे गच्च मिटले. त्यामुळे जंगलात गाजलेली ती उडी तेवढी तिनेच पाहिली नाही. डोळे उघडले तेव्हा पाडस दगडाच्या पलीकडे, वाळूत उभे होते. चारही पाय शाबूत आहेत ना, हे तिने दोनदा पाहून घेतले.

"तुमचे उपकार कसे फेडू, आजोबा?" हरिणी म्हणाली. "मी तर तुम्हाला नाही म्हणायला आणलं होतं."

"उपकार तुझ्या लेकराचे, मुली," काळवीट म्हणाला. "इतकी वर्षं सगळे मला नुसते नमस्कार करत होते. माझ्या जोडीला आज कोणीतरी आलं."

तात्पर्य : थोरांच्या पराक्रमात खोटी भर घालू नये, तो होता तेवढाच जपला, तर मागून येणाऱ्यांना वाट सापडते आणि थोरांनाही सोबत मिळते.