परडी आणि चिंधी

त्या राज्यात कोणीही दोन हंगाम जगत नसे. त्यामुळे तिथे इतिहास नव्हता, म्हातारेकोतारे नव्हते, आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य कोणाच्याही कानावर पडत नसे. अपवाद एकच होता, तो म्हणजे कोपऱ्यातली तुतीमावशी. ती वर्षानुवर्षं तिथेच उभी होती. पण दर वर्षी तिची छाटणी होई, आणि फांद्यांबरोबर तिच्या आठवणीही कुंपणाबाहेर जाऊन पडत. नवी पालवी फुटली की ती पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांची नावं विचारू लागे. म्हणजे राज्यातली एकुलती एक जुनीजाणती बाई होती, आणि तिची पाटी कोरी होती.

राज्य फार मोठं नव्हतं. एका अंगाला करवंदीचं काटेरी कुंपण, दुसऱ्या अंगाला घराची मागची भिंत, आणि मधे भाज्यांचे वाफे. भिंतीत एक खिडकी होती आणि तिच्यातून दिवसातून दोनदा फोडणीचा वास येई. खिडकीपलीकडे काय आहे हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण गेलेला परत येत नसे. पण इतका खमंग वास येतो ती जागा वाईट कशी असेल, असा सर्वांचा साधा हिशेब होता.

राज्यावर सत्ता हाताची होती. हात रोज सकाळी बांगड्या वाजवत येई. तो पाणी घाली, तण उपटी, अळ्या वेचून लांब फेकी, आणि जो कोवळा असेल त्याला खुडून परडीत ठेवी. परडीत जाणं हाच त्या राज्यातला सगळ्यात मोठा मान होता. भेंड्यांची तर परीक्षाच होई. हात अंगठ्याने शेंडा मोडून बघे. 'कट्' असा आवाज झाला की भेंडी पास! जिचा शेंडा नुसताच वाकेल ती जून, आणि जून ठरणं म्हणजे कुंपणाजवळच्या कुजणाऱ्या पाल्याच्या खड्ड्यात जाणं. आया आपल्या कळ्यांना फुलायच्या आधीपासून हेच शिकवत, की बाई, वेळेवर कट् वाज.

या भेंड्यांच्या ओळीत, अगदी टोकाच्या झाडावर, वाकी राहत असे. बाकीच्या भेंड्या आभाळाकडे बोट रोखल्यासारख्या सरळ होत्या. हिचा शेंडा मात्र जरा कलता होता, म्हणून सगळ्या तिला वाकी म्हणत. तिला त्याची लाज वाटे. परडीत सरळ पोरींच्या रांगेत आपण कशा दिसू, याचाच ती दिवसभर विचार करी.

त्या हंगामात भेंड्यांवर केवड्याचं संकट आलं. केवडा नाव ऐकायला सुगंधी, पण तो रोग आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पानं पिवळी पडतात, मग फळं पांढुरकी आणि खुरटी निघतात. बघता बघता अख्खी ओळ पिवळी दिसू लागली. टोकाचं झाड तेवढं हिरवंगार राहिलं. कोणी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, कारण जो तो आपापल्या पानांच्या काळजीत होता.

मग एका सकाळी हात आला, आणि ओळीतून शेवटपर्यंत चालत वाकीपाशी थांबला. वाकीने श्वास रोखला. आता अंगठा येणार, आता कट् होणार! पण अंगठा आलाच नाही. हाताने कमरेची एक तांबडी चिंधी काढली, वाकीच्या देठाला हलकेच गाठ मारली, आणि तिच्या शेजारच्या दोन बहिणी खुडून तो निघून गेला.

राज्यात एकच कल्ला झाला. असं पूर्वी कधी घडलं होतं का, हे विचारायला सगळे तुतीमावशीकडे वळले.

"चिंधी?" मावशी म्हणाली. "काहीतरी होतं खरं चिंधीचं. अगदी ओठांवर आहे बघा. पण तुम्ही कोण?"

"राजचिन्ह आहे ते," स्ट्रॉबेरीबाईंनी निकाल दिला. त्या थंड डोंगरातून कुंडीत बसून आल्या होत्या, आणि अंगाला माती लागू नये म्हणून त्यांच्याखाली पेंढा अंथरलेला असे. त्यामुळे दरबारी गोष्टींतलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत होती. "आमच्याकडे असं तांबडं फक्त थोरामोठ्यांना मिळतं. आता माझंच बघा ना."

"राजचिन्ह कसलं डोंबलाचं!" मांडवावरून कारलेबुवा गरजले. बुवा तुपात तळले तरी कडूच बोलणार. "साथ आलीय साथ! रोग्याच्या दारावर खूण करतात, तशी खूण आहे ही. शिवाय शेंडा बघा तिचा. वाकड्याला वेगळं काढलं, एवढाच अर्थ."

टोमॅटोंना राजचिन्हाची कल्पना जास्त आवडली, कारण त्यांना गर्दी आणि उत्सव फार प्रिय. त्यांनी वाकीला 'राणीसाहेब' म्हणायला सुरुवात केली. दुधी वेलावरून लवून नमस्कार करू लागला. वाकीलाही ते, खोटं कशाला बोला, गोड लागलं. दोन दिवस ती मान ताठ करून उभी राहिली, म्हणजे तिची जेवढी ताठ होत होती तेवढी.

पण परडी रोज येई आणि रोज तिला वगळून जाई. काल फूल गळून जन्मलेल्या चिमुरड्या तिच्यासमोर कट् कट् वाजत परडीत पडू लागल्या. खिडकीतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला की वाकीचा जीव कासावीस होई. आणि तिला हेही जाणवू लागलं, की आपलं अंग जड होतंय, कातडी राठ होतेय. राज्याची भाषाही हळूहळू बदलली. राणीसाहेबांची आधी वाकीताई झाली, मग नुसतीच 'ती चिंधीवाली' झाली.

"कानामागून आल्या आणि तिखट झाल्या," एक टोमॅटो धाकट्या भेंड्यांकडे बघत कुजबुजला. "राणी बसली वाट बघत."

वाकीला फार वाईट वाटलं. तिने मनाशी ठरवलं, की सगळं घोडं या चिंधीपाशी पेंड खातंय. चिंधी गेली की हात आपल्याला ओळखेल, आणि अजूनही वेळ आहे तोवर खुडून नेईल.

त्या दिवसांत वांग्याच्या रुंद पानात एक शिंपी पक्षी घरटं शिवत होता. तो एवढासा, पण कामाला वाघ. पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडायची आणि त्यातून कापूसदोरा ओवायचा, हा त्याचा उद्योग. वाकीने त्याला हाक मारली.

"शिंपीदादा, ही चिंधी उसवून न्याल का? चांगली सुती आहे."

शिंप्याने मान तिरकी करून चिंधी पाहिली. "माल उत्तम आहे, ताई. पण बांधणाऱ्याने गाठ मन लावून मारलीय. सोडू का खरंच?"

"सोडा हो! मला परडीत जायचंय."

"मग माझं काय जातंय," शिंपी म्हणाला, आणि कामाला लागला. धागा धागा करत त्याने चिंधी उसवली. वांग्याचं पान तांबड्या टाक्यांनी सजलं, आणि वाकीचा देठ मोकळा झाला. तिला इतकं हलकं वाटलं की ती वाऱ्यावर चक्क डोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या वाजल्या नाहीत. त्या दिवशी भलताच एक हात आला. मनगटावर घड्याळ, नखं स्वच्छ, आणि चाल घाईची. या हाताने मिरच्यांबरोबर मिरचीची फुलं तोडली, हिरवा टोमॅटो ओढला, आणि स्ट्रॉबेरीबाईंचं एक पान उगाचच कुरवाळलं. मग तो भेंड्यांकडे आला.

वाकीने होतं नव्हतं तेवढं कोवळेपण गोळा केलं. अंगठा शेंड्यावर टेकला आणि त्याने दाबलं.

कट् झालं नाही. शेंडा रबरासारखा नुसताच वाकला, आणि सुटल्यावर पुन्हा आपल्या वाकडेपणावर आला.

हाताने 'हं' केल्यासारखं बोटं झटकली, देठ मुठीत धरला आणि तो पिळायला सुरुवात केली. वाकीची नजर परडीकडे होती, पण मूठ खड्ड्याच्या दिशेने वळत होती. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की आपण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. देठाची एक शीर तुटलीही.

एवढ्यात दारातून बांगड्यांचा खळखळाट धावत आला. ओळखीच्या हाताने घड्याळाचं मनगट वरच्या वर धरलं. त्या दोन हातांमध्ये काय बोलणं झालं ते राज्याला कळलं नाही, कारण ती भाषा तिथे कोणाला येत नव्हती. घड्याळाचा हात ओशाळून मागे सरला. बांगड्यांच्या हाताने दुखावलेला देठ दोन बोटांत अलगद सावरून धरला, तांबडी चिंधी शोधली, पण ती कुठेच सापडली नाही. मग त्याने आपल्याच निळ्या पदराचा काठ दाताशी नेला, टर्रकन एक पट्टी फाडली आणि देठाला बांधली. पदर चांगला होता, विटलेला नव्हता.

हात निघून गेला.

"शिक्षा करायला कोणी स्वतःचा पदर फाडत नाही," दुधी म्हणाला. तो एरवी वेळकाढू बोले, पण हे त्याने लगेच म्हटलं.

"मग काय करायला फाडतात?" कारलेबुवांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात नेहमीपेक्षा कडूपणा कमी होता.

त्या दिवसापासून वाकीने परडीकडे बघून उसासे टाकणं सोडून दिलं. उलट जाणाऱ्या प्रत्येक पोरीला ती वरून ओरडून सांगे, "नीट जा गं! सरळ पड, शेजारणीला टोचू नकोस!" पोरी हसत हसत जात.

ऊन वाढलं. वाकी हिरव्याची पिवळसर झाली, पिवळसराची तपकिरी झाली, आणि अंगावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. आता तिला कोणी सुंदर म्हटलं नसतं. आणि मग एका दुपारी वाऱ्याने झाड हललं तेव्हा तिला आपल्याच पोटातून आवाज ऐकू आला. खुळ्ळ. खुळ्ळ.

"सरक ना तिकडे!"

"तूच सरक. मी आधी आले."

"ए, गप्प बसा. बाहेर कोणीतरी ऐकतंय."

वाकी दचकली आणि मग तिला इतकं हसू आलं की सगळ्या पुन्हा खुळखुळल्या. आत कोण आहे, किती आहेत, तिला दिसत नव्हतं. पण गर्दी असून सगळ्या मजेत होत्या, आणि प्रश्न विचारून भंडावून सोडत होत्या. बाहेर काय आहे? ऊन म्हणजे काय? मग वाकी त्यांना सांगत बसे. कारलेबुवा बोलतात कडू पण मनाने बरे आहेत हे सांगे, शिंप्याच्या पिल्लांना तांबड्या टाक्यांच्या घरात पंख फुटलेत हे सांगे, आणि केवडा आला तर घाबरायचं नाही, पाय रोवून उभं राहायचं, हेही सांगे. दुपारच्या दुपार अशा जात, आणि वाकीला आता दिवस पुरत नसे.

एके दिवशी हात आला आणि त्याने तिला खुडलं. कट् झालं नाही, वाळक्या देठाचा नुसता कुडकुड आवाज झाला. आणि त्याने तिला परडीत ठेवलंच नाही. परडी खालीच राहिली. हाताने तिला ओंजळीत धरलं, त्याच निळ्या पट्टीत गुंडाळलं आणि खिडकीपलीकडे नेलं.

"परडीत नाही गेली बिचारी," टोमॅटो हळहळले.

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. कारलेबुवांचा मांडव उतरला, दुधीचा वेल वाळला, टोमॅटोंनी शेवटची जत्रा भरवली आणि तेही गेले. स्ट्रॉबेरीबाईंनी आपल्या लेकींना धावत्या वेलाच्या टोकाला धरून शेजारच्या कुंड्यांत बसवलं आणि डोळे मिटले. तुतीमावशीची छाटणी झाली. राज्यात नवी माती पडली, आणि हाताने वाफ्यावर एक खुळखुळणारी निळी पुरचुंडी सोडली. तिला चुलीच्या राखेचा वास येत होता.

नव्या हंगामात पुन्हा केवडा आला. शेजारपाजारचं तणसुद्धा पिवळं पडलं, पण भेंड्यांची अख्खी ओळ पाय रोवून हिरवीगार उभी राहिली. आणि मग ती पहिली सकाळ उजाडली. हात बांगड्या वाजवत आला आणि ओळीतून चालू लागला. कट्. कट्. कट्. राज्यात इतका कट्कटाट कोणी ऐकला नव्हता. परडी भरली, शीग लागली, तरी कट् कट् वाजतच राहिलं.

तुतीमावशीला नुकतीच पालवी फुटली होती. खालून परडी जाताना तिने वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पानं डोळ्यांवर आडवी धरली.

"अगं पोरींनो," ती म्हणाली, "तुम्हाला मी कुठेतरी पाहिलंय."

परडीतल्या भेंड्या खुदकन हसल्या. त्यांतली एकही सरळ नव्हती. झाडून सगळ्यांचे शेंडे एकाच बाजूला कलते होते.