खुन्याचं नाव

वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट रद्दीत घालायचं ठरलं, तेव्हापासून ग्रंथपाल कुमुदबाई रेग्यांच्या घशाखाली घास उतरेना. अध्यक्ष तात्यासाहेब मोकाशींनी स्वतःच रहस्यकादंबरी लिहिली होती आणि त्या कपाटात आता तिच्याच शंभर प्रती लागायच्या होत्या.

"वाचकांनी डोक्यावर घेतलंय माझं पुस्तक!" तात्यासाहेब गरजले. "अभिप्रायाच्या वहीत तसं लिहा."

कुमुदबाईंनी हताशपणे वही उघडली. पण खणातून पेनाऐवजी हाती आला तो नखाएवढा उरलेला खोडरबर.

"साहेब, आपले वाचक फार द्वाड. रहस्यकथा वाचून संपली, की पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवतात. तीस वर्षं मी ती नावं पुसतेय. तुमचं पुस्तक वर्षभरात चाळीस जणांनी नेलं, पण त्याला रबर लावायची वेळ काही आली नाही."

तात्यासाहेब वाचनालयातली आपल्या पुस्तकाची प्रत घेऊन घरी गेले. कपाटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आठवड्यानं प्रत परत आली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव होतं आणि अक्षर तात्यासाहेबांचं होतं.

कुमुदबाईंनी रबर उचलला, पण त्यांच्यानं ते पुसवेना. ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला तेवढा एकच तर वाचक होता.