‘नाइस’च्या वरचं काहीतरी

उद्याच्या निरोपाच्या जेवणात साहेबाकडून ‘नाइस’च्या वरचं काही मिळालं नाही, तर आचारी धोंडभटाने चूल विझवावी आणि बायकापोरांसह शेंदूरगड संस्थान सोडावं, असा रुद्राजीराव महाराजांचा हुकूम सुटला. महाराज एकदा बोलले की बोलले. सकाळचा हुकूम संध्याकाळी मूर्खपणाचा वाटला तरी ते तो फिरवत नसत, कारण फिरवला तर सकाळी आपण मूर्ख होतो हे कबूल करावं लागलं असतं.

झालं होतं ते असं. गोऱ्या सरकारचा हॅलम साहेब आठवडाभर पाहुणा म्हणून आला होता आणि त्याच्या तोंडी सदा एकच शब्द. हत्ती दाखवला, ‘नाइस’. पुरणपोळी वाढली, ‘नाइस’. राणीसाहेबांचा पोपट बोटाला कडकडून चावला, तेव्हाही बोट चोखत ‘नाइस’. संस्थानात इंग्रजी येणारे एकटे दिवाण त्र्यंबकपंत. त्यांनी हत्तीच्या वेळी या शब्दाचा अर्थ ‘डौलदार’ असा सांगितला, पोळीच्या वेळी ‘लुसलुशीत’, आणि पोपटाच्या वेळी ‘प्रेमळ’. महाराज रोज संध्याकाळी दरबारात गात असत. त्या गाण्यालाही साहेब ‘नाइस’ म्हणाला, तेव्हा पंतांनी ‘अत्यंत सुरेल’ असं सांगून टाकलं. महाराजांना रात्रभर झोप आली नाही, इतका आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी ताटात कारल्याची भाजी आली आणि साहेब म्हणाला, ‘नाइस.’

महाराजांचा घास हातातच राहिला. काल आपल्या गाण्याला मिळालेला शब्द आज कारल्याला! पंतांनी घाईघाईने ‘औषधी’ असा अर्थ सांगून पाहिला.

“पंत, हा शब्द आहे की पिशवी?” महाराज कडाडले. “हाताला लागेल ते त्यात कोंबताय.”

आता साहेबाला खरोखर काय आवडतं ते कळल्याशिवाय महाराजांना चैन पडेना. साहेबाला विचारण्यात अर्थ नव्हता, तो ‘नाइस’च म्हणाला असता. म्हणून सगळा राग आचाऱ्यावर निघाला.

धोंडभट घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. बासुंदी झाली, जिलबी झाली, श्रीखंड झालं, आता काय माझं काळीज तळून वाढू, असं तो बायकोला विचारत होता. त्याची मुलगी मथू राजवाड्यात पंगतीला वाढायला आणि संध्याकाळी दरबारात विडे द्यायला जात असे. तिला वडिलांची दया आली आणि महाराजांचा मनापासून राग आला.

“देवाने महाराजांना सगळं वाढलं, अकलेपाशी नेमकी पळी रिकामी झाली,” ती म्हणाली. धोंडभटाने घाबरून खिडकी लावून घेतली.

मथूने आठवडाभर साहेबाला वाढलं होतं. ताटात काही टाकू नये, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं असावं. तो ताट पुसून साफ करी. आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की शेंदूरगडचा वाढपी गप्प बसणार थोडाच! तो आणखी वाढी. साहेब ‘नाइस’ म्हणे. ते ऐकून दुसरा वाढपी धावत येई. कारल्याच्या दिवशी तर साहेबाचा चेहराच कारल्यासारखा झाला होता. तोंडाने तो गोड बोलत होता, पण डाव्या हाताने त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“अप्पा, उद्या स्वयंपाक मी करते,” मथू म्हणाली. “आणि वाढप्यांना सांगा, कोणी जागचं हलायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी साहेबापुढे चांदीचं ताट आलं. त्यात मऊ भात, तूप, मीठ, वर मेतकूट आणि कडेला भाजलेला पापड. बस्स. हे आजाऱ्याचं जेवण कोणी मांडलं, असं महाराज दातओठ खात पुटपुटले.

साहेबाने भात संपवला आणि सवयीने टेबलाची कड धरली. कोणीच आलं नाही. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वाढप्यांचे हात शिवशिवत होते, पाहुणा रिकाम्या ताटावर बसलेला पाहून राणीसाहेबांना रडू येऊ लागलं होतं, आणि महाराज हुकूम द्यायला तोंड उघडणार इतक्यात साहेबाने कड सोडली. तो उठला, ताट उचललं, चालत स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आला आणि ते मथूपुढे धरलं. तिने वाढलं. त्याने उभ्याउभ्याच खाल्लं आणि ताट पुन्हा पुढे केलं. तोंड भरलेलं होतं, शब्द एक नाही.

पंतांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या, आता सगळा दोष आचाऱ्याच्या माथी जाणार होता. ‘नाइस’च्या वरचं सोडाच, आज ‘नाइस’सुद्धा नाही, असं त्यांनी महाराजांच्या कानात सांगितलं. धोंडभट पंचा गुंडाळू लागला.

“पोरी, हरलीस,” महाराज म्हणाले. “साहेब बोललाच नाही.”

“महाराज, आठवडाभर त्यांची जीभ चालत होती आणि हात टेबलाला धरून होता,” मथू म्हणाली. “आज जीभ थांबली आणि हात पुढे आला. पाहुणा स्वतः ताट घेऊन चुलीपर्यंत आला. याच्या वरचं काही पंतांना ठाऊक असेल तर त्यांनी सांगावं.”

महाराजांनी मिशीला पीळ दिला. मग त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं, “मी गात होतो, तेव्हा साहेबाचा हात कुठे होता?”

“खुर्चीची कड धरून होता, महाराज.”

“आणि आमचे पंत? ते तर रोज वाहवा म्हणतात.”

मथूने पंतांकडे पाहिलं. पंतांनी डोळ्यांनी विनवून पाहिलं.

“त्यांचा जोड्यांवर असतो, गाणं संपताच पळायला,” ती म्हणाली.

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, पंतांनी नकळत पायांकडे पाहिलं, आणि महाराज असे खदखदून हसले की पगडी घसरून मांडीवर आली. धोंडभटाची चूल कायमची त्याच्या नावे झाली आणि मथूच्या हातात सोन्याचा गोठ आला.

संध्याकाळी महाराज गायलेच. वाहवा नेहमीसारखीच झाली, फक्त ती करताना अख्खा दरबार दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.