टेस्टेकाकांचं वजन

शुक्रवार, दुपारचे चार. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा तिसरा मजला. तिथे एकदा एक शिष्या आपल्या गुरूंची सही घ्यायला उभी होती.

वैदेहीने प्रथमच एका प्रणालीच्या तपासणीचं नेतृत्व केलं होतं. रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षासाठी ती प्रणाली होती. परिचारिकेने वजन भरायचं, की औषधाची मात्रा पडद्यावर येणार. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या. दर्जा विभागाचे वृद्ध प्रमुख सबनीस सर यांची सही झाली की संध्याकाळी काम सुरू.

"सर, ग्राहक तिकडे पेढे घेऊन बसलाय," कंपनीचे मालक दारातूनच म्हणाले. "आता मुहूर्त बघताय की काय?"

सरांनी पेन बाजूला ठेवलं. खिशातून लोकरीचं एक टोपडं काढलं आणि वैदेहीच्या कीबोर्डवर ठेवलं. एखादं संत्रं मावेल एवढंच ते होतं.

"झालं! आता विणकाम," मालक पुटपुटले.

"माझ्या नातीचं आहे," सर म्हणाले. "वेळेआधी आली पोरगी. काचेच्या पेटीत होती, तेव्हाचं. वजन एक किलो आठशे. भर बघू."

वैदेहीने टोपडं अलगद उचलून मांडीवर घेतलं आणि १.८ भरलं. रकान्याने मधला बिंदू गिळला. पडद्यावर १८ उमटलं, आणि खाली दहापट मात्रा. तिचा हात आपसूक टोपड्यावर गेला.

"पण सर, आम्ही रोज तपासत होतो..."

"कोणाला?"

ती ओशाळली. "टेस्टेकाकांना."

टेस्टेकाका हा ऑफिसातला जुना, काल्पनिक रुग्ण. वजन पूर्ण साठ किलो, त्यात बिंदूच नाही. त्यांची माहिती आधीच भरलेली असे, म्हणून प्रत्येक चाचणीला तेच पुढे. एवढी औषधं पचवूनही काका ठणठणीत आहेत, अशी सगळे चेष्टा करत. होय, बाळांची प्रणाली या साठ किलोंच्या गृहस्थांवर तपासली गेली होती.

सर हसले. आवाजात राग नव्हता. "काका गुणी आहेत, बाळा. कधी तक्रार करत नाहीत, म्हणून आपल्याला आवडतात. पण ज्या जिवासाठी हे बनवलं, त्याला आपण एकदाही या टेबलापाशी आणलं नाही. तपासायला बसताना त्याला मांडीवर घेऊन बसावं. मग बोटं जपून चालतात."

वैदेही बराच वेळ टोपड्याची लोकर सारखी करत राहिली. मग एकदम तिने मान वर केली.

"सर, हा रकाना नवा नाही. मागच्या आवृत्तीतून तसाच उचललाय."

सरांनी मालकांकडे पाहिलं. मालक फोनमध्ये बघू लागले.

ती आवृत्ती दिवाळीपासून दुसऱ्या एका रुग्णालयात, बाळांच्याच कक्षात चालू होती. वैदेहीने तिथे तत्काळ फोन करून तिचा वापर थांबवला. तोवर तिथल्या बाळांना कोणती मात्रा दिली गेली, हे मालकांनी अजून सांगितलेलं नाही.