हिरवी खूण

इस्पितळाचे सर्व्हर सांभाळणाऱ्या खैरमोडेबाई अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. पेशंटची माहिती रोज बॅकअप म्हणून टेपवर उतरत होती. पण ती टेपवरून परत येते का, हे एकदा तपासायला नाडगौडासाहेब परवानगीच देईनात.

"सॉफ्टवेअर रोज हिरवी खूण दाखवतं ना? मग झालं! उगाच डोकं खाऊ नका," साहेब भर मीटिंगमध्ये खेकसले.

"बरं," म्हणत बाईंनी साहेबांचाच लॅपटॉप पुढ्यात ओढला. "तुमच्या आत्मचरित्राची फाईलही कालच टेपवर गेलीय. हिरवी खूण आहे. आता ही इथून पुसते आणि टेपवरून परत आणते."

"अहो, थांबा! नाही आली तर?"

"तेच तर वर्षभर विचारतेय, साहेब. पेशंटच्या वतीनं."