दोन हाकांचा कडा

दवणवाडीला गाडीरस्ता नाही. कोकणातून करवंदीच्या नाळेने चढून यावे लागते, आणि नाळ संपून माथ्यावरच्या सड्याला पाय लागले की दम खाण्याआधी एक हाक मारायची असते. समोर वाडी दिसत नाही, पावसाळ्यात तर स्वतःचे पायही दिसत नाहीत. पण हाक मारा, पहिल्याच हाकेला धुक्यातून ओ येते. एक नव्हे, पाचपन्नास. कोणी चुलीपुढून देते, कोणी गोठ्यातून, कोणी तोंडातला घास कसाबसा गिळून. शहरातून आलेल्या मंडळींना याची मोठी गंमत वाटते. ती पुन्हा पुन्हा हाका मारतात आणि वाडी पुन्हा पुन्हा ओ देते, कंटाळत नाही. पाहुण्यांना वाट दाखवणारे दुंदाबाबा तोवर काठी टेकून उभे असतात. मग ते मंडळींना सड्याच्या उजव्या अंगाला नेतात, कड्यापासून चांगले अलीकडे बसवतात आणि म्हणतात, "हसून झालं आसंल तर ऐका. ही वाडी पयली अशी नव्हती."

पूर्वी, म्हणजे नेमके कधी ते दुंदाबाबांच्या आज्यालाही ठाऊक नव्हते, दवणवाडीत पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. दुसरीलाही नाही. धुक्यात चकवा फिरतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि ओ देणाऱ्याला आपल्यामागे घेऊन जातो, अशी वाडीची पक्की समजूत. मात्र त्याला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणे. तेवढी एक खोट देवाने त्याच्यात ठेवली आहे. म्हणून लेकरू बोलू लागले की त्याला आधी हेच शिकवायचे: लांबून हाक मारायची ती तीनदा, आणि कोणाची हाक आली तर तिसरीची वाट बघायची. आज आपण हसू. ज्यांच्या घरचे माणूस धुक्यात गेले, ते हसत नसत.

भिवराच्या घरचे गेले होते. तिचा नवरा एका श्रावणात चुकलेली म्हैस शोधायला बाहेर पडला, तो आलाच नाही. शेजारच्या ठकूबाईचे म्हणणे, त्याने पहिल्याच हाकेला ओ दिली आणि ती आपण स्वतःच्या कानांनी ऐकली. खरे-खोटे ठकूबाई जाणे. भिवराच्या पदरात हौसा नावाची एकुलती लेक होती. तिला तिने सड्यावरच्या वाऱ्यात वाढवले, म्हशींमागे धाडले, आणि संध्याकाळी परतताना तीनदा हाक मारायला शिकवले. "आये!" करून पोर ओरडायची, शेवट जरा लांबवून. तिसरी हाक कानावर पडली की मगच भिवरा ओ द्यायची आणि भाकरी तव्यावर टाकायची.

लेक खाली कोकणात दिली. जावई भागुजी मनाने फार चांगला, पण घर मोठे आणि भातखाचरे त्याहून मोठी. सून हलली की लावणीचा खोळंबा. शिवाय पंचमीला लेक आणायची तर तिच्या सासरी मुराळी जावा लागतो, आणि हौसाला भाऊ नव्हता. भिवरा दरसाल भावकीतल्या कोणाची तरी मनधरणी करायची. तो हो म्हणायचा आणि ऐन वेळी त्याची गाय व्यायला व्हायची, नाहीतर गुडघा धरायचा. गुडघे तरी किती वेळेवर धरावेत! असे करता करता लेकीचे तोंड बघून वर्षे लोटली. त्या साली भिवराने कोणाला विचारलेसुद्धा नाही.

तरी पंचमीच्या आदल्या दिवशी तिने घर सारवले, भिंतीवर नाग काढला आणि डब्यातला गूळ काढून ठेवला. ठकूबाई जात्यावर हात द्यायला आली होती. कोणासाठी गं एवढे, असे तिने विचारलेच. भिवरा म्हणाली, "सण हाय. घरात ग्वाड नको व्हय?" दोघी दळायला बसल्या. दुपार कलली होती, आणि धुके असे दाटले होते की दारातून गोठा दिसेना.

तेवढ्यात सड्याकडून हाक आली. "आये!"

भिवराच्या हातातला खुंटा थांबला. आवाज हौसाचा होता. शेवट तसाच लांबवलेला. तिच्या ओठांवर ओ आली होती, पण ठकूबाईने तिचे मनगट घट्ट धरले. "भिवरे, वठ उघडू नको. मुराळी कोण गेलंय? कोणच नाय. मंग पोर यील कशी? ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्याच आवाजात बोलतो त्यो."

म्हणणे खोटे नव्हते. सकाळपासून भिवराच्या मनात हौसाशिवाय दुसरे काही नव्हते. पण स्वतःच्या जिवाला ती भ्याली असे कोणी समजू नये, असे दुंदाबाबा इथे बजावून सांगतात. नवऱ्यामागे ती जगली होती लेकीसाठी. आज आपण ओ दिली आणि चकव्याने आपल्याला नेले, आणि पुढे कधीतरी हौसा खरोखर आली, तर तिने कोणाच्या दारात पाठीवरचे गाठोडे उतरवायचे? आई आहे तोवर माहेर. ते राखायचे म्हणून भिवरा दातांनी ओठ चावून गप्प बसली.

दुसरी हाक आली. पहिलीपेक्षा जवळून, पण उजवीकडून, कड्याच्या अंगाने. तिथे वाट नाही. माणूस असते तर वाटेने आले असते. भिवराची खात्री पटली, आणि तरी ती उठून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. आता फक्त एक हाक. ती आली असती तर भिवरा ठकूबाईला ढकलून अनवाणी धावत सुटली असती. ती उभी राहिली. पागोळ्या गळत राहिल्या. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. तिसरी हाक काही आली नाही.

"बघ," ठकूबाई म्हणाली, "चकवाच व्हता."

भिवराने मान हलवली. त्या घडीला तिला सुटल्यासारखे वाटले, असे सांगतात. आपण तेव्हा सुटकेचा श्वास टाकला, हे तिला पुढे जन्मभर सोसले नाही.

पंचमीच्या सकाळी धुके उचलले, आणि गुरे घेऊन गेलेल्या माणसांना कड्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत अडकलेले गाठोडे दिसले. आत एक नारळ होता आणि आईसाठी घेतलेले लुगडे. चिखलात पावले उमटली होती. नाळेच्या तोंडाशी ती थोडी थांबलेली दिसत होती. मग वाट सुटून उजवीकडे वळली होती, पुन्हा एकदा थांबली होती, आणि त्यापुढे कड्यापर्यंत सरळ गेली होती. वाडीचा रिवाज हौसाला कोणी सांगायला नको होता. दोन हाकांना ओ येणार नाही हे तिला माहीतच होते. तिसरी तेवढी आईला नीट ऐकू जावी म्हणून हाक मारण्याआधी ती आणखी जवळ यायला निघाली असणार. जवळ येते आहोत असेच तिला वाटले असणार.

माणसे दरीत उतरली आणि तिला वर घेऊन आली. दुपारी सड्याच्या मातीतच तिला ठेवले. भिवरा रडली नाही. तिच्या ओसरीवर सगळी वाडी बसून होती, आणि बाहेर धुके पुन्हा भरून आले.

आणि हाक आली. पुरुषाचा आवाज होता. "मामी! मामी वो!"

ओसरी सवयीने चिडीचूप झाली. पहिलीच हाक होती. ठकूबाईचा हात भिवराच्या तोंडाकडे गेला. भिवराने तो झिडकारला, अंगणात जाऊन उभी राहिली आणि छाती फाटेल अशी ओ दिली. "हिकडं! डाव्या हाताला ये! थांबू नको, माझ्या आवाजावर ये!" बायांनी लेकरांना पोटाशी धरले. काहींनी घराकडे धावत जाऊन दारे लावून घेतली. भिवरा ओ देत सड्याच्या रोखाने चालत राहिली, आणि त्या आवाजाच्या मागे मागे धुक्यातून जो माणूस आला, तो भागुजी होता. नखशिखांत भिजलेला, आणि आपण वाचलो म्हणून हसणारा.

"बरं झालं मामी, ओ दिलीत," तो म्हणाला. "हात दिसंना हाताला. लावणी उरकली की मीच घिऊन जातो म्हटलं व्हतं, पण ही ऐकती कुठली? मुराळी नाय तर नाय, आईकडं जायची वाट मला ठावं हाय, म्हणली. पोचली न्हवं काल?"

भिवराने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. वाडी ऐकत होती.

"तिनं दोनदा हाक मारली रं बाबा," ती म्हणाली. "म्या ऐकली. दोन्ही बी ऐकल्या."

भिवरा त्यानंतर पुष्कळ जगली. धुके उतरले की ती उंबऱ्यात येऊन बसे आणि येईल त्या हाकेला ओ देई. माणूस असो, टिटवी असो, नाळेतला वारा असो. आज ना उद्या चकवा हिला नेणार म्हणून वाडी वाट बघत राहिली. घाटातून मीठ घेऊन येणारे, वाट चुकलेले, म्हशींमागे गेलेले असे कितीतरी जण तिच्या आवाजावर घरी पोचले. चकव्याने तिला नेले नाही. मग एका श्रावणात भिवरा तापाने अंथरुणाला खिळली होती, बाहेर कोणी हाक मारली, आणि शेजारच्या घरातून ठकूबाईने ओ दिली. थरथरत दिली, पण दिली. तिच्यामागून सगळ्यांनी.

चकवा खोटा, असे मात्र वाडीने कधी म्हटले नाही. दुंदाबाबाही म्हणत नाहीत. "हाय की," ते म्हणतात, "फिरतो ना धुक्यात. न्यायचं तर नेऊ दे. ओ द्यायची."

आजही पंचमीच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की वाडीत आलेल्या माहेरवाशिणी या कड्याशी जातात. पूजा नसते, गाणे नसते. हाक कोणीच मारत नाही. तरी सगळ्या मिळून दरीकडे तोंड करून ओ देतात. जरा थांबतात, आणि पुन्हा एकदा देतात. मग ज्या त्या आपापल्या आईच्या घरी परततात.