गंडभेरुंडाचे उजवे डोके

शिवरे नावाच्या गावात अनसूया गुरव आणि तिचा नवरा रामलिंग पुराणातल्या अद्भुत प्राण्यांच्या गोष्टी रचत. घरातल्या धान्याच्या खोलीत बसून ते त्या मोबाइलवर बोलून ठेवत आणि पॉडकास्ट म्हणून लोकांना ऐकवत. त्यांचा शरभ सिंहालाही दरडावी. त्यांचा मकर नदीच्या तळाशी कुरकुरत बसे. पण ऐकणाऱ्यांचा खरा लाडका होता गंडभेरुंड, एका धडाला दोन डोकी असलेला पक्षी. डावे डोके अनसूया बोले, उजवे रामलिंग. डाव्याने विचारायचे, उजव्याने सांगायचे, मग पक्षी उडायचा.

एका उन्हाळ्यात रामलिंग तापाने गेला.

चार महिन्यांनी अनसूया पुन्हा त्या खोलीत बसली. गंडभेरुंडाचे डावे डोके विचारी, "कुठल्या वाटेने जायचं?" मग रामलिंगला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ ती गप्प राही. नंतर म्हणे, "बरं, तसंच करू." पक्षी डोंगराकडे वळे, आणि उजवे डोके काय म्हणाले ते ऐकणाऱ्याला कळे.

शहरातले मोठे समीक्षक आगटेसाहेब यांनी या गोष्टी ऐकल्या आणि वर्तमानपत्रात भरभरून लिहिले. "इतका जिवंत शरभ मी आजवर ऐकला नव्हता," असे त्यांचे शब्द होते. त्या वर्षीच्या कथाकथनाच्या पारितोषिकासाठी त्यांनी अनसूयेचे नाव सुचवले आणि स्वतः शिवऱ्याला आले.

"बाई, एवढी एक जागा दुरुस्त करा," ते म्हणाले. "आवाज मध्येच थांबतो. लोकांना वाटतं, मोबाइल बिघडला. एखाद्या नटाचा आवाज घाला. नाहीतर पक्ष्याला एकच डोकं ठेवा."

"एका डोक्याचा गंडभेरुंड? त्याला आमच्याकडे कावळा म्हणतात, साहेब."

चहा घेऊन आलेली नणंद सगुणा हळूच म्हणाली, "वहिनी, चार शब्द तर घालायचेत. दादा का रागावणार आहे?"

"ते नाही रागावायचे. मी रागावेन."

"पारितोषिक हातचं जाईल," साहेबांनी बजावले.

"तुम्ही कौतुक केलंत, बरं वाटलं. पण ती जागा त्यांची आहे. तिथे मीसुद्धा बसत नाही."

आठ दिवसांनी साहेबांनी तीच गोष्ट दुरुस्त करून पाठवली. मधली शांतता कापून टाकली होती. फक्त अनसूयेची संमती हवी होती. तिने ती एकदा ऐकली. डावे डोके विचारत होते आणि लगेच स्वतःच 'बरं' म्हणत होते. तिने उत्तर धाडले, "हा पक्षी माझा नाही."

पारितोषिक दुसऱ्याला मिळाले. ती बातमी आली त्या दिवशी अनसूया नवी गोष्ट सांगायला बसली. त्या गोष्टीत गंडभेरुंडाचे घरटे वणव्यात सापडले होते. डाव्या डोक्याने आजवरचा सर्वांत अवघड प्रश्न विचारला. उत्तरही तसेच लांबलचक असणार होते. अनसूयेने ते पुरते होऊ दिले.

तात्पर्य: स्तुती नम्रपणे घ्यावी, पण तिच्या मोबदल्यात कोणी आपल्या माणसाची जागा मागितली, तर ती स्तुती परत करावी.